झाकणाखाली

जालन्यात नळाला दहाव्या दिवशी पाणी,
त्यात गाडीचं पोट धुवायला काढलं असतं
तर गल्लीनं मला वेड्यात काढलं असतं.
म्हणून डिझेल. दोन लिटर, डालड्याच्या जुन्या डब्यात.
दाढीचा एक ब्रश, दात घासायचे तीन,
आणि कौसल्येच्या विरलेल्या साडीचे बोळे.

डुक्कर फियाट, अठ्ठावन्न सालची.
भोकरदन नाक्याच्या भंगारात
किलोच्या भावानं घेतली, त्यातही घासाघीस केली.
तिच्या टपावर तेव्हा कोंबड्या बसत.
इंजिन उतरवून टायरवर ठेवलंय दोन महिने,
मागं राहिलीय नुसती खोली,
बाळंतीण उठून सासरी गेल्यावर राहते तशी
तेलकट, धुरकट, ऊब न गेलेली.

तेलात थिजलेली काळी माती
सुरीनं सोलून काढावी लागते.
एक थर परतूरचा असेल, एक मंठ्याचा,
एक लालसर, तो आपल्याकडचा नव्हेच.
पंख्यामागच्या जाळीत जिनिंगचा कापूस,
आणि उंदरानं कधीतरी साठवलेली
मूठभर ज्वारी, अजून दाणा शाबूत.

तीस वर्षं एसटीच्या डेपोत काढली.
तिथं गाडी वेळेवर सुटली पाहिजे, एवढंच शास्त्र.
नट नसेल तर तार,
तार नसेल तर शिवी.
रंग बाहेरून, तोही पासिंगपुरता.

पॉलिश पेपर आधी ऐंशी नंबर, मग एकशेवीस.
रंगाखालून रंग निघत गेले:
काळा,
कुणाच्या तरी लग्नातला पिवळा,
एक असा, की प्रचारात फिरली असणार,
आणि सगळ्यांच्या तळाशी
हरभऱ्याचा घाटा सोलल्यावर आत दिसतो
तो हिरवा.

हाच द्यायचा.
मोईनोद्दीननं दुकानात चार डबे ढवळून
नखावर लावून दाखवला, "हौ, येईच है."
मी म्हणालो, अजून थोडा पांढरा.
असं पाच वेळा.

ओट्यावर मेथी निवडता निवडता कौसल्या म्हणाली,
"झाकण लावल्यावर आतलं कोण पाहून राह्यलं?"
मी पेपर पाण्यात बुडवला.
पाणी अर्धा तांब्या, तेच ते, तीन दिवसांचं.

बॅटरीची पाटी उचकटली तर खाली
पत्र्यावर खिळ्यानं कोरलेलं काहीतरी. अक्षरं उर्दू.
फोटो काढून मोईनोद्दीनला दाखवला.
चष्मा कपाळावर चढवून त्यानं वाचलं, "गफूर." आणि आकडा, ७१.
"कोण?"
"क्या मालूम. मिस्तरी होगा."

मिस्तरीच असणार.
मालकाचं नाव बॅटरीखाली कोण लिहितो?
त्यानंही ही खोली अशीच रिकामी पाहिली असेल,
असाच गुडघा टेकवला असेल डाव्या अंगाला,
आणि पाटी बसवायच्या आधी
इकडंतिकडं बघून खिळा उचलला असेल.
डेपोत मी कुठंच काही लिहिलं नाही.
माझ्या हातच्या गाड्या कधीच लिलावात गेल्या.

रेड ऑक्साइड सगळीकडं दोन हात मारला.
तिथं मात्र बोटाला फडकं गुंडाळून
पुसल्यासारखा, एकच.
गंज चढू नये, अक्षरं बुजू नयेत.

रंगाला पहाटे चारला उठलो, वारं सुटायच्या आधी.
कॉम्प्रेसर शेजाऱ्यांना कळू नये इतका हळू चालत नाही,
त्यांनी दोन खिडक्या आपटल्या.
कोपरे, घड्या, फेंडरची आतली बाजू,
जिथं हात पोचत नाही तिथं गन तिरकी धरून.
उजाडलं तेव्हा सगळं ओलं, हिरवं,
मी बराच वेळ नुसता वाकून उभा.

चैत्राचा लिंब. व्हायचं तेच झालं.
एक फूल, तिळाएवढं, भिरभिरत आलं
आणि मधोमध बसलं.
पिनेनं काढायला गेलो, तोल गेला,
अंगठा टेकला.

घासून परत मारता आला असता.
डब्यात रंगही होता.

"आत या," कौसल्येनं हाक मारली,
"आणि हात रॉकेलनं धुवा आधी,
कालच्या भाकरीला थिनरचा वास होता."