पोच

घराला तंबाखूचा वास आहेच.
माझ्या बोटांना, पदराला, भाकरीच्या पिठालासुद्धा.
म्हणून सम्मेदच्या शर्टाचा वास
दोन महिने मला वेगळा कळला नाही.

कळला तेव्हा माघ होता.
विडीचा जर्दा चाळलेला असतो, शांत.
ही कच्ची धूळ होती, वखारीतली,
कॉलरच्या शिवणीत, कानाच्या पाळीमागं,
शिंकरला की काळी.
"पडलो," म्हणाला.
निपाणीत कुणी तंबाखूत पडत नाही.
ढकलावं लागतं.

सूप बाजूला ठेवलं. कातर ठेवली.
हजाराला दीडशे कमी होत्या, राहू दिल्या.
भिंतीला पाठ लावून त्याच्या शेजारी बसले,
तोंडाकडं न बघता.
दिवेलागण झाली तेव्हा तो फरशीशी बोलला:
शाळेमागची बंद वखार.
तिघं. बाहेरून कडी.
पहिल्यांदा शंभर मोजेपर्यंत.
मग पाचशे.
आज मधल्या सुट्टीपासून शाळा सुटेपर्यंत.
"आई, शेवटी शेवटी मोजताच येईना."

दिवाळीआधी म्हणाला होता, शाळा नको.
मी म्हणाले होते, तूच काही खोडी काढली असशील.
ते वाक्य अजून गिळलं गेलं नाही.

त्याच्या पप्पांनी कोयता काढला.
मी दारात आडवी झाले.
"तुम्ही आत गेलात तर याला दवाखान्यात कोण नेणार?"
पोराची छाती शिट्टी वाजवत होती.
ती ऐकून त्यांनी कोयता ठेवला,
कुठं ठेवला ते अजून सापडलेलं नाही.

डॉक्टरांना म्हटलं, कागदावर लिहा,
छातीत काय ऐकू आलं ते, तारखेसकट.
शर्ट धुतला नाही, पिशवीत गाठ मारून ठेवला.
विडीच्या हजेरी-पुस्तकात, मागच्या पानावर,
त्याला आठवले तेवढे वार. त्याच्याच शब्दांत.
एक वार खोडून त्यानं पुन्हा लिहिला.

हेडमास्तर म्हणाले, पोरं आहेत, खेळात होतं असं.
म्हटलं, तेवढंच लिहून द्या, खेळ होता म्हणून.
दिलं नाही.
मग माझा अर्ज घ्या. एक मराठीत,
एक कन्नडमध्ये, शेजारच्या महानंदाक्कांनी लिहिलेला.
पोराला शिव्या दोन्ही भाषांत पडल्या,
अर्ज एकीत का द्यायचा?
आणि पोच द्या, शिक्का मारून.
शिपाई हळूच म्हणाला, या बाईला पोच नाही.
म्हटलं, तीच मागायला आलेय.

तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला
पोलीस ठाण्याची पोच टेबलावर ठेवली,
तेव्हा शिक्क्याला शाई मिळाली.
वखारीला कुलूप लागलं. चावी कुणाकडं, तेही लिहून घेतलं.

तिघांतल्या एकाची आई
मोजणीच्या रांगेत माझ्या मागं बसते. शेवंता.
तिच्या घरी गेले. ओरडले नाही.
पिशवीची गाठ सोडून शर्ट तिच्या नाकाशी धरला.
आम्हा बायकांना तो वास सांगावा लागत नाही.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
"माझा पण हल्ली झोपेत दात खातो."
त्याचं काय करायचं मला माहीत नाही.
तिनं चहा टाकला होता. मी प्याले नाही.
रांगेत ती अजून मागंच बसते.

घरी पप्पांनी स्क्रू-ड्रायव्हर घेतला,
मोरीच्या दाराची कडी काढली, मग खोलीची,
मग कपाटाचीसुद्धा, जिथं कुणी मावणार नाही.
भोकं उरली आहेत. त्यांतून उजेड येतो.

आज आंघोळीला जाताना सम्मेदनं
मोरीचं दार आपल्या हातानं ओढून घेतलं.
पाण्याचा आवाज. मग आवाज नाही.
मी बाहेर, हातात अर्धी वळलेली विडी,
पंचवीस, पन्नास, पंच्याहत्तर,
मोजत उभी.