बाहेरचं युनिट

माझ्या बापाने, धुडकूने, एकोणऐंशीचा उन्हाळा
ओल्या गोणपाटावर काढला.
रात्रीतून चारदा उठून पाणी शिंपायचा,
तेही पांझरेच्या झिऱ्यातून खांद्यावर आणलेलं.
माझ्याकडे कूलर आहे. गवत दर मार्चला नवं.
फ्रीज आहे, बर्फाचा ट्रे आहे,
लेकीला अभ्यासाचं स्वतंत्र टेबल.

आई म्हणते, "आते काय कमी शे तुले?"
काहीच नाही.
तिचं माप मागे बघून लागतं,
आणि मागे खरोखर गोणपाटच आहे.
मी तिला कसं खोटं पाडू?

पण खिडकी पुढे उघडते.
अडीच हातांवर लोटनआप्पाची भिंत,
भिंतीवर दीड टनी एसीचं युनिट.
(त्याचा बाप त्याच गोणपाटाच्या
दुसऱ्या कडेला निजायचा.)
दुपारी तीनला ते श्वास सोडतं,
माझा कूलर तोच श्वास ओढतो,
भिजवतो, आत सोडतो.
खोलीतून काढलेली धग
कुठेतरी जायलाच हवी.
मी मेकॅनिक आहे, मला ठाऊक आहे.

नववीतली हर्षाली वहीत लिहिते:
सहावी गल्ली त्रेचाळीस, आपण चौतीस, आप्पा चोवीस.
"आणि आजोबा?" मी विचारतो.
"त्यांच्याकडे थर्मामीटर नव्हता."

मग आप्पाचा फोन. गार होत नाहीये.
शिडी लावली, कॉइल धुतली,
जाळीतून कापूस काढला, पारव्याचं एक पीस,
गॅस भरला. अठराशे रुपये.
आप्पाने घासाघीस केली नाही,
गार खोलीत बसवून चहा पाजला,
हर्षालीचे मार्क विचारले.
माणूस वाईट नाही.
तेच जड जातं.

निघताना, कुणाला न सांगता,
स्टँडचे दोन बोल्ट सैल केले
आणि युनिटचं तोंड उजवीकडे फिरवलं.
बिलात लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आमची खोली बत्तीस.
हर्षालीने आकड्याखाली दोनदा रेघ मारली.
आई म्हणाली नाही काही, नुसती हसली.

संध्याकाळी मी खिडकीतून वाकून पाहिलं.
उजवीकडे सलमाबीचं पत्र्याचं घर.
ती उंबऱ्यात बसून ओढणीने वारा घेत होती,
शेजारणीला सांगत होती,
पंखा घेतला यंदा, नवा, तीन पात्यांचा,
तरी आज उकाडा जरा जास्तच वाटतो.

दहा नंबरचा पाना
अजून माझ्या खिशातच होता.