कोण पाहू शकेल

फैजपुरात मे महिन्यात
रात्री दहालाही गच्चीची फरशी पावलांना चटका देते.
दोन बादल्या पाणी ओतलं, वाफ गेली,
मग सतरंजी, मग गादी, मग तांब्या,
मग शेजारच्या भंगाळ्यांची किंजल, अकरावीतली,
मांडी घालून, माझा मोबाइल हातात घेऊन.

"मावशी, तुझं तर सगळंच उघडं आहे."

मी गाऊनवरची ओढणी सारखी केली. उगाच.

डिसेंबरातला तो फोटो:
बामणोद रस्त्यावरचं शेत, तुरीच्या काड्यांचा जाळ,
हिरवी वांगी काळी पडेतो भाजलेली,
केळीच्या पानावर भरीत, कळण्याची पुरी,
आणि मी हसतेय, हिरड्या दिसेपर्यंत,
वजनकाट्यावरच्या पाच बायका माझ्या बाजूला.
काढला कुणी, आठवत नाही. टाकला मीच.

एप्रिलात भुसावळच्या कोर्टात
समोरच्या वकिलानं त्याचा रंगीत प्रिंट आणला,
प्लास्टिकच्या पाकिटात घालून, जपून.
माझा इतका नीट ठेवलेला फोटो आमच्या घरातही नाही.
"पाहा साहेब, ही पोटगी मागणारी बाई."
साहेबांनी पाहिलं. शिपायानं पाहिलं.
रावेरहून आलेल्या मावसदिरानं तर आधीच पाहिलं होतं,
डिसेंबरात पहिला अंगठा त्याचाच.

कोण पाहू शकेल? मोबाइल विचारतो.
सगळे. मित्र. मित्रांचे मित्र.
मित्रांचे मित्र म्हणजे कोण, किंजल समजावते.
मी बोटांवर मोजते:
नणंदेची जाऊ माझ्या यादीत, बारशाला भेटलेली,
तिचा भाऊ सावद्याला केळीच्या गाड्यांचा हिशेब लिहितो,
त्याचा मित्र माझा नवरा.
आपल्या लोकांत, पोरी,
मित्रांचे मित्र म्हणजे यावल ते मुक्ताईनगर.

किंजल हसली. अंगठा चालवत राहिली.
नंबरावरून शोधणं: बंद.
शेवटचं कधी आली होती: बंद.
(मी रात्री दोनला जागी असते
हे इतके दिवस रावेरात कुणाला तरी ठाऊक होतं.)
जुनं सगळं एकदम आवळू? आवळ.
"नणंदेच्या जावेला काढू?"
थांब. टायफॉइडमध्ये तिनं डबा पाठवला होता.
राहू दे.
नको, काढ.
राहू दे गं.

आई जिन्याच्या तोंडाशी, काखेत उशी.
"कायले लपवते व माय? आपण काय चोरी केली?"
फोटो टाकताना मलाही नेमकं हेच वाटलं होतं.

पलीकडची गच्ची वारकेकाकांची,
मधे कठडा गुडघ्याएवढा.
मी सासरहून आले त्या उन्हाळ्यात
इथंच रडायचे, उशीत तोंड खुपसून.
काका जिन्यात खाकरायचे,
वर यायच्या तीन पायऱ्या आधी.
थोडं थांबायचे. मग यायचे,
आणि सातपुड्याकडे तोंड करून पडायचे,
रात्रभर एकाच कुशीवर.
अख्खी आळी उघड्यावर झोपते इथं.
कोण घोरतं, कुणाची गादी फाटकी,
कोण नवऱ्याशी बोलत नाही,
सगळं सगळ्यांना दिसतं
आणि कुणी पाहत नाही.
कुलूप तेव्हा त्यांच्या मानेत होतं.
आता किल्ली म्हणे माझ्याकडे,
आणि घराला दारं किती, तेच मला माहीत नाही.

"शेवटचा राहिला मावशी. भरिताचा. उडवू?"
उडवू नको.
"मग?"
यादीत पार तळाशी दोन शब्द होते.
फक्त मी.
किंजलनं त्यावर टिचकी मारली, जांभई दिली, गेली.

मग मी तो फोटो मोठा करून पाहिला.
राखेनं काळी झालेली माझी बोटं.
ओठाच्या कडेला भरिताचा एक कण.
मागे धुरातून पळणारं कुणाचं तरी पोर.
हे कोर्टात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

जिन्यात कुणीतरी खाकरलं.
मी मोबाइल पालथा घातला
आणि कूस बदलली.