वाव

परीक्षकाने लिहिलंय :
सुधारणेला वाव आहे.
शिवाय, यंत्र बिघडलं त्या जूनमध्ये
खोली मोजली कशी?

रायेन टेप घेऊन चिलोएच्या धक्क्यावर गेली.
एलेउतेरियोने शिंपल्यांची टोपली खाली ठेवली,
दोन्ही हात पसरून उभा राहिला,
नावेवरून दोरी सोडताना पसरायचा तसे.
एकशे सदुसष्ट.
"उजवा खांदा धरलाय हल्ली," तो म्हणाला,
"तेव्हा बोटभर जास्त भरलं असतं."

रात्री तिने लिहिलं :
खोली अकरा वाव. एक वाव म्हणजे
१.६७ मीटर, अधिक-उणे दोन सेंटिमीटर.
खांद्याचं कुठे लिहायचं
कळेना.
शेवटी तक्ता तीनखाली तळटीप टाकली.

लेख स्वीकारलाय, मार्चमध्ये कळवलं त्यांनी,
तिचा पहिलाच,
तळटीप तेवढी गाळून.