हेल्वेच्या काचपट्ट्या

तार्तूच्या प्रयोगशाळेच्या तळघरात
एकतीस वर्षं हेल्वे अळंब्या कापत होती.
मेणाच्या ठोकळ्यात गोठलेली, टाचणीच्या डोक्याएवढी एक;
हातचाक फिरवायचं, श्वास रोखायचा.
फुंकर लागली तर कापांची फीत उडून जाते,
आणि फीत म्हणजे अख्खा मंगळवार.

पहिल्याच दिवशी तिने मला बजावलं,
"साहेबांना सांगू नकोस, पण वाढ आपण कुणीच पाहिलेली नाही.
पाहिली ती थांबवलेली."

सहाव्या तासाची पट्टी: नुसता गुंता.
टोपी कुठली, देठ कुठला, काही कळत नाही.
अठराव्या तासाला आत एक गडद कडं,
तिथले धागे दाटीने उभे, रंग अधाशासारखा पितात.
मग कड्याखाली फट पडते.
गोल खोली. दार नाही, उजेड नाही,
आणि छताला वळ्या उमटू लागतात,
ओल्या कणकेवर कुणी नख ओढावं तशा.
याच पुढे लोंबत खाली येतात. हेच कल्ले.

टोपी रुंदावते, दोन कल्ल्यांत अंतर पडतं,
तर कडेकडून एक आखूड कल्ला मध्ये शिरतो.
देठापर्यंत पोचत नाही. पोचायचं नसतंच त्याला.
"बाकावर सरकून जागा देतात ना," हेल्वे म्हणायची,
"तसलं काही नाही इथे.
आधी जागा होते, मग कुणीतरी जन्मतं."

एकदा एक बरणी रात्रभर कलंडून राहिली.
तिच्यातल्या कल्ल्यांनी बुडाशी वळून
पुन्हा जमिनीची दिशा धरली होती.
ती पट्टी तिने नोंदवलीच नाही,
खिडकीत उभी करून ठेवली, चहाच्या डब्याशेजारी.

आणि हेही खरं, की सहाव्या तासाची ती
अठराव्या तासापर्यंत कधी गेलीच नाही.
ती तिथेच संपली. पुढची तिची बहीण,
तिच्यापुढची आणखी एक.
चाळीस बहिणींची चाळीस वयं जोडून
आम्ही एक आयुष्य शिवलं
आणि खाली लिहिलं: आकृती चार.

निवृत्त झाली, एल्वाला राहायला गेली.
सप्टेंबरात तिचा फोन: "सौनामागे, खताच्या ढिगाशी एक आलीय.
हिला कापायची नाही."
मी गेले तर बाई ओल्या गवतात पालथी,
हातात दाताच्या डॉक्टरांचा इवलासा आरसा.
आरशात पडदा दिसला, पांढरा, ढोलकीसारखा ताणलेला.
"आत चाललंय सगळं," ती कुजबुजली,
जणू मोठ्याने बोललं तर तिकडे थांबेल.
"गुलाबी झाले असतील. मग तपकिरी.
एकेक पेशी चार चार बीजाणू टोकावर धरून बसली असेल."

चार दिवस पडदा तसाच.
पाचव्या दिवशी तिला वोरूला जावं लागलं,
बहिणीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन.
दोन रात्री.

परतली तेव्हा मीच तिला स्टेशनवरून आणलं.
सौनामागे देठ उभा होता,
गळ्यात फाटक्या पडद्याची कॉलर.
टोपी गोगलगायींनी फस्त केली होती,
एक तर अजून तिथेच होती, सुस्त, चकचकीत.

मला वाटलं ही आता रडेल.
ती गुडघ्यांवर बसली.
देठाजवळ, केळीच्या नव्हे, त्या पायवाटेवरच्या रुंद रानपानावर
तपकिरी भुकटीच्या रेघा पडल्या होत्या,
बारीक, मधूनच आखूड, पंख्यासारख्या.

"कल्ल्यांचा ठसा," मी म्हटलं.
"छे," तिने चष्मा कपाळावर सारला,
"फटींचा. कल्ला होता तिथे पान हिरवंच राहिलंय."
आणि हिरव्या रेघा मोजायला लागली, एस्टोनियन भाषेत, पुटपुटत.

त्रेपन्नला गोगलगायीची चंदेरी वाट आडवी आली.
तिथे चुकली.
आभाळ भरून आलं होतं. मी छत्री उघडून
तिच्यावर नाही, पानावर धरली.
"पुन्हा पहिल्यापासून," ती म्हणाली,
"आणि या खेपेला श्वास रोखून धर."