पाटी

सहासष्टाव्या वर्षी मी रबरी पोशाखात शिरतेय.
एक पाय आत, दुसरा हवेत,
आणि सिनाझो मागून चेन ओढतेय,
गादीच्या खोळीत कापूस कोंबावा तशी.
"पोट आत घ्या, रुगाया आंटी."
घेतलं. घेऊन ठेवणार कुठे?
पेटीतले सगळे पोशाख
सुट्टीवर आलेल्या कुणा सडपातळ मुलाच्या मापाचे.
हा चौथा.

कॉल्क बे, सकाळचे सात, पाणी बारा अंश.
स्कार्फवरून रबरी टोपी.
धावणारी एक बाई थांबून बघते.
बघू दे.

याच धक्क्याला बाबांची होडी लागायची.
स्नूकच्या दिवसांत दोरीने कापलेले त्यांचे तळवे,
आईने लावलेली हळद नाही, मीठच.
गळाची दोरी न गुंतवता गुंडाळायला शिकले मी,
डोळा बघून मासा कालचा की आजचा ते सांगायला.
पोहायला नाही.

पाण्यात पडलं की पोहता येतं, म्हणतात.
पडायला आधी काठावर उभं राहू द्यावं लागतं.

काठावर पाटी होती.
मी सहा वर्षांची, अक्षरं नुकतीच जुळायला लागलेली,
मोठ्याने वाचू लागले
तर आईने तोंडावर हात ठेवला.
काय लिहिलं होतं ते सोडा.
एका कुत्र्याला वाचता येत नव्हतं,
तो सरळ आत गेला, मनसोक्त भिजला,
आणि येऊन आमच्या अंगावर अंग झाडलं त्याने.
त्या वर्षी तेवढा समुद्र आमच्या वाट्याला आला.

मग घरंच हलवली आमची, डोंगरापलीकडे,
वाळूच्या माळावर. भाकरीत कचकच.
बाबा दोन गाड्या बदलून समुद्राकडे जात,
इस्पितळातल्या माणसाला भेटायला जावं तसे.

पाटी निघून पस्तीस वर्षं झाली.
खांबाचं भोक सिमेंटने बुजवलं.
पाय अजून तिथेच अडतात.

मधल्या काळात एक मुलगा यायचा वस्तीत, चित्रं घेऊन:
पर्लमून चोरू नका, समुद्र वाचवा.
समोरच्या चाळिसांपैकी एकानेही
पाण्याखाली जिवंत पर्लमून पाहिलेला नव्हता.
ज्याने पाहिला होता, माझा भाचा मोगामत,
तो तेव्हा तुरुंगात.

सिनाझो आली ती रिकाम्या हातांनी.
विचारलं, पाण्याची भीती कुणाकुणाला वाटते?
आणि पहिला हात तिनेच वर केला.

आता मानेपाशी थंडी आत शिरते,
चोरासारखी नाही, घरमालकासारखी.
मी शिवी देते. सिनाझो हसते.
चेहरा पाण्यात घालते,

आणि खाली रान.
केल्पचे बुंधे डोलतायत,
उन्हाच्या तिरक्या फिती,
खडकाला चिकटलेला एक पर्लमून
कडेची काळी झालर हलवतोय, सावकाश,
जणू तुरुंग वगैरे त्याला काही ठाऊकच नाही.

सिनाझो माझ्या हातात प्लास्टिकची पाटी देते,
दोरीला बांधलेली पेन्सिल. रकाने आखलेले.
माशांची नावं लॅटिन.
कपारीतून एक ठिपकेवाला तोंड काढतो.
बाबा त्याला 'उधारीवाला' म्हणायचे,
कारण दिसतो, मागे लागलं की आत.

कुठल्याच रकान्यात तो नाही.
नळीतून हसू आलं, खारं पाणी घशात गेलं,
ठसकत वर आले. पुन्हा खाली.
हात कापतोय, अक्षर वाकडं येतंय.
समासात लिहिते:
उधारीवाला, एक.