पावतीपुस्तक

ऐरोली, सेक्टर तीन. चार मजले, सोळा बिऱ्हाडं,
गच्चीवर एकच टाकी.
दर दोन महिन्यांनी रविवारी ती आपणच धुवायची.
मढवी आत उतरायचे, पायजमा गुडघ्यावर,
चौगुलेबाई वरून बादली ओढायच्या,
कोणी ना कोणी पोहे आणायचं.

तीन बिऱ्हाडं कधीच यायची नाहीत.
त्यांच्या नळालाही तेच पाणी.
आम्हाला माहीत होतं, आणि आम्ही ते
पोह्यांबरोबर गिळायचो.

मग मी खजिनदार झालो.
ठराव मांडला: न येणाऱ्याला शंभर रुपये दंड.
हात वर झाले. मढवींचा अर्धाच,
बसमध्ये दांडा धरल्यासारखा.

पहिल्या खेपेला सोळाच्या सोळा.
टाकीत इतके पाय
की गाळ तळाला बसेचना.
मी मनात म्हटलं, बघा.

दुसऱ्या खेपेला सबनीस, जे आजवर एकदाही चुकले नव्हते,
आदल्या रात्रीच आले, नोटेची घडी घेऊन.
"उद्या जमणार नाही."
ओशाळले नव्हते. दूधवाल्याचा हिशेब चुकता करावा
तसे देऊन गेले.

पावती फाडताना आवाज तो केवढा!
तरी चार मजले जिन्यात ऐकू जातो.
चौथ्या खेपेला नऊ पावत्या.

आणि मढवी, ज्यांचे तळवे
तेरा वर्षं त्या टाकीचा तळ ओळखत होते,
त्या रविवारी वाशीच्या हॉस्पिटलात. सून बाळंत झाली होती.
"नियम म्हणजे नियम," सभेत सबनीसच म्हणाले.
सगळे माझ्या हाताकडे बघत होते.
मी फाडली.
क्रमांक एकवीस.

त्यांनी ती चष्मा लावून वाचली, सावकाश,
आपलं नाव नीट लिहिलंय ना, हे पाहिल्यासारखी.
दोनशे रुपये टेबलावर ठेवले.
"पुढच्या खेपेचेही घेऊन ठेवा."

दसऱ्याच्या आधी दंड रद्द झाला.
तसं वहीत लिहिलं, मीच.
त्या रविवारी गच्चीवर गेलो,
खाडीचा खारट वास, समोर पारसिकचा डोंगर,
आणि कोणी नाही.
दहापर्यंत थांबलो.

मग पायजमा दुमडला.
टाकीत हाक मारली तर ती गोल फिरून
आपल्याच कानात येते, म्हणून मारली नाही.
नुसता तळ घासत राहिलो.

अर्ध्या तासाने वरून कोणीतरी
भरलेली बादली ओढली.
झाकणाच्या उजेडात नुसते हात दिसत होते.
कोणाचे,
मी विचारलं नाही.